दोन बोटांवर उचललेली गाडी

अजूनही कुणी माल भरताना "बघ, पुढून कशी हलकी झाली गाडी" असं कौतुकाने म्हणालं की माझं डोकं फिरतं. अहो, हलकी झाली म्हणजे नेमकं काय झालं, ते विचारा की कुणीतरी! पण नाही. आमच्याकडे विचारायची पद्धतच नव्हती. आमच्याकडे बाबांना ठाऊक असायचं, आणि बाबांना ठाऊक असलं की विषय संपला.

वसईच्या समुद्राकडच्या पट्ट्यात आमची वाडी. केळी, नारळ, थोडी पानवेल, आणि आईचा मोगरा. बाबांनी उभी हयात बैलगाडीतून केळीचे घड स्टेशनवर पोचवले. त्यांची बैलजोडी गावात प्रसिद्ध होती ती धावण्यासाठी नाही, तर मानेसाठी. आमच्या बैलांच्या मानेवर कधी जखम दिसली नाही, असं लोक आजही सांगतात. बैलगाडीत भार जरा मागे ठेवायचा. पुढे आला तर जू मानेवर दाबतं, कातडं सोलतं. फार मागे गेला तर गाडी उलाळते, म्हणजे जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. या दोन्हींच्या मधली जागा बाबांना बरोबर सापडायची. गाडी भरून झाली की ते पुढे जाऊन जू दोन बोटांवर उचलून दाखवायचे. दोन बोटांवर उचललं गेलं की मगच बैल जुंपायचे. लहानपणी मी टाळ्या वाजवायचे. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

पुढे बैल गेले आणि पेट्रोलवर चालणारी एक जुनी जीप आली, कुठल्याशा लिलावातली. मला भाऊ नाही. बाबा स्टेअरिंगला हात लावायला तयार नव्हते, "मला तोंड असलेलं जनावर हाकता येतं, हे बिनतोंडाचं नाही" म्हणायचे. त्यामुळे जीप माझ्या हातात आली. पंचवीस-सव्वीसची होते मी. पहाटे फुलं आणि केळी घेऊन बाजारात जायचं आणि आठच्या आत परत यायचं. बायका वळून बघायच्या, पुरुष तर थांबून बघायचे. बघा म्हणावं.

त्याच वर्षांत आईची बोटं जायला लागली. संधिवात. आधी सकाळी ताठायची, मग दिवसभर. आई मोगऱ्याचे गजरे करायची, तेही सुई न वापरता, नुसत्या बोटांनी गाठ मारत. बघता बघता वीतभर गजरा व्हायचा. तेच तिचं काम होतं आणि तीच तिची मिजास होती. आजूबाजूच्या चार गावांत लग्न निघालं की मुंडावळ्या आणि वेण्या आईकडून. बोटं वाकेनात तेव्हा ती ओट्यावर बसून टोपलीतल्या कळ्यांकडे नुसती बघत बसायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं. खरा उतार पडायचा तो फक्त वज्रेश्वरीजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांनी. थंडीत तिथे वीस-एकवीस दिवस राहून सकाळ-संध्याकाळ हात शेकले की पुढचे सहा-सात महिने बोटं चालायची.

पण राहायचं कुठे? धर्मशाळेला जिने. संडास उकिडवं बसायचे. तिचे गुडघेही एव्हाना गेले होते. त्या आधीच्या वर्षी ती तिसऱ्या दिवशीच रडत घरी परत आली आणि त्या उन्हाळ्यात तिने एकही गजरा केला नाही.

तेव्हा बाबांनी ठरवलं की हिच्यासाठी खोलीच न्यायची. चाकांवरची खोली! तुळिंजच्या एका वेल्डिंगवाल्याकडे जुन्या टेम्पोचा चाकांसकट आस घेऊन त्यावर सांगाडा बांधला. आमच्याच सुताराने फळ्या ठोकल्या, वर पत्रा. आत आईच्या मापाची खाट, तळाला भोक पाडलेली खुर्ची, स्टोव्ह ठेवायला फळी, आणि खाटेवरून बाहेर दिसेल अशी बेताची खिडकी. आईने त्या खिडकीला जुन्या साडीचा पडदा लावला. वाकड्या बोटांनी शिवला तिने तो, आठ दिवस लागले. "माझी खोली," असं म्हणायची. लग्नाला तीस वर्षं झाली तरी त्या बाईला स्वतःची खोली नव्हती. बाबांच्या मायेबद्दल माझी काडीची तक्रार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तक्रार आहे ती त्यांच्या दोन बोटांबद्दल.

शेजारी एक ख्रिस्ती काका राहायचे. गल्फला बारा-तेरा वर्षं ड्रायव्हर होते. तिकडे गाडीमागे बोटी आणि केबिनी लावून वाळवंटातून हिंडलेले. त्यांनी आमची खोली बघितली, चारी बाजूंनी फिरले आणि मला बाजूला घेतलं.

"बाय, ही बैलगाडी नाय हां," ते म्हणाले. "हिचा भार आसाच्या पुढे पाहिजे. नाकाने, म्हणजे या पुढच्या दांड्याने, जीपच्या हुकावर नीट दाबलं पाहिजे. सगळ्या वजनाचा दहावा भाग तरी नाकावर, थोडा जास्तच. मागे भार गेला का ही शेपूट हलवणार, आणि ही शेपूट हलवायला लागली का तुझ्या जीपला पन फिरवणार."

आणि मग त्यांनी एकेक सांगितलं. हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींवरून आडव्या घाल, म्हणजे हुक निसटला तरी नाक जमिनीवर पडणार नाही. पेट्रोलचं इंजिन आहे, डिझेलचा दम नाही, तेव्हा चढावर आधीच खालचा गिअर घे. उतारावर दुसऱ्या गिअरात राहा, इंजिनलाच गाडी धरू दे. मागे डोलायला लागली तर पाय पेट्रोलवरून काढ, स्टेअरिंग सरळ धर, ब्रेक मारू नको. "ब्रेक नाय मारायचा, कितीपन भीती वाटली तरी." आणि शेवटी, "आत मानूस बसवायचा नाय. चालत्या खोलीत मानूस नाय. थांबली का मग झोपा."

मी हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा हसले. नुसते नाही, मोठ्याने, मांडीवर थाप मारून हसले. "वाळवंटात कुठले बैल! त्याला काय कळतंय मानेचं?" मग खोलीच्या नाकाशी गेले आणि सामान भरलेली खोली दोन बोटांवर उचलून दाखवली. "ही बघ. तुझ्या जीपच्या कमरेला तोशीस नाही."

सामानात सगळ्यात जड होतं ते पाण्याचं पिंप. दोनशे लिटरचं, आमच्या विहिरीचं पाणी. बाहेरच्या पाण्याने आईचं पोट बिघडतं, हेही बाबांना ठाऊकच होतं. पिंप दाराशी होतं, अगदी मागे, नळ बाहेर काढायला सोयीचं म्हणून. मला काकांचं म्हणणं पटलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा पेठेत गेले, तसं मी आमच्या गड्याला हाताशी घेतलं, पिंप रिकामं करून पुढे सरकवलं, पुन्हा भरलं, तांदळाचं पोतंही पुढे घेतलं. मग घड जोखायचा आमचा लटकता काटा आंब्याच्या फांदीला बांधला आणि खोलीचं नाक त्याला टांगून बघितलं. ऐंशी किलो. काका कुंपणावरून म्हणाले, "आता कशी!" जीपला जोडली तर जीपची मागची बाजू चार बोटं खाली बसली. बसू दे, तसंच हवं असतं.

संध्याकाळी बाबांनी ते बघितलं आणि भडका उडाला. माझ्यामागे हात लावलास, मला विचारलं नाहीस, त्या मुक्या गाडीची कंबर मोडायला निघालीस. मीही गप्प बसले नाही. कधी बसलेय? म्हटलं, "तुमचे बैल मेले, बाबा. आता तरी जू उतरवा." हे बोलायला नको होतं. आई मध्ये पडली, "अगं हळू, अगं हळू" करत राहिली. शेवटी एवढं ठरलं की आई जीपमध्ये पुढे बसेल, खोलीत नाही. हे मी ओरडून, ताट भिरकावून मिळवलं. त्यानंतर बाबांचा आणि माझा अबोला.

सकाळी उजाडताना मी जीपपाशी आले आणि एका नजरेत कळलं. जीपची मागची बाजू वर होती. खाली दबलेली चार बोटं गायब. मी खोलीच्या मागे जाऊन बघितलं. पिंप पुन्हा दाराशी.

आता हे लिहायला हात जड होतो, पण लिहिते. मला ते दिसलं आणि मी गप्प बसले. कारण अबोला होता. कारण मी आधी बोलायचं म्हणजे माझी हार. आणि कारण मनात आलं, डोलू दे एकदा, फुकटची फजिती होऊ दे, मग बघते कोण दोन बोटं दाखवतं. आई पुढे बसणार होती, खोली रिकामी होती, मग बिघडतंय काय? साखळ्या तेवढ्या मी स्वतः घातल्या आणि निघालो.

हायवेला मी तिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही. ट्रक शेजारून गेला की खोली जराशी डोलायची आणि पुन्हा ताळ्यावर यायची. मी आरशात बघायचे आणि मागे बसलेल्या बाबांना ऐकू जाईल असा नाकाने आवाज काढायचे. शिरसाड फाट्याला चहाला थांबलो. तोवर आईचे गुडघे पेटले होते. जीपच्या त्या सीटवर पाय लांब करायला जागा नव्हती, दर खड्ड्याला ती डोळे मिटून घ्यायची. "मी जरा खोलीत आडवी होऊ का गं?" तिने विचारलं. मला विचारलं तिने. बाबांना नाही.

बाबा लगेच म्हणाले, "खाट कशाला केलीय मग? झोप तू."

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं? पिंप मागे आहे, ते पुढे घेतल्याशिवाय मी जीप हलवणार नाही. आणि पुढे घेतलं तरी चालत्या खोलीत आईला झोपू देणार नाही. एवढंच. दोन वाक्यं. मी चहाचा ग्लास बाकड्यावर आपटला आणि म्हणाले, "करा तुम्हाला काय करायचंय ते."

आई आत गेली. खिडकीतून तिने हात हलवला. खूश होती हो ती.

मांडवी सोडल्यावर पुढे रस्ता चढतो आणि मग उतरतो. फार मोठा उतार नाही तो, सायकलवरची पोरं हात सोडून जातात. मी दुसऱ्या गिअरात होते. अर्ध्या उतारावर जीपची मागची बाजू हलकी लागायला लागली, स्टेअरिंग हातात सैल झालं. मग खोलीने शेपूट हलवलं. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त. मी पाय काढला. स्टेअरिंग सरळ धरलं. काकांचा शब्द न् शब्द आठवत होता मला, शपथेवर सांगते. आणि मागून बाबा ओरडले, "ब्रेक मार! ब्रेक!"

मी मारला. सव्वीस वर्षं त्या आवाजाचं ऐकलेलं अंग होतं ते. डोकं नको म्हणत होतं आणि पाय दाबत होता.

खोली सरळ फिरून आमच्या शेजारी आली. हुकाची खीळ तुटली, साखळ्या ताणल्या, जीप आडवी होऊन थांबली आणि खोली डाव्या कुशीवर भाताच्या खाचरात पडली. कापणी झालेलं रान होतं. साखळ्यांनी धरली नसती तर पुढच्या ओढ्यात गेली असती. मी धावले. पिंप फुटून सगळं पाणी आत सांडलं होतं. रानातल्या दोन बायका पेंढा टाकून आल्या, त्यांनी खिडकी तोडली आणि आईला त्या पडद्यासकट बाहेर काढलं. "पानी पाजा तिला, पानी," म्हणत होती एक. पाणी! नखशिखांत भिजली होती ती पाण्याने.

जीव वाचला. उजवं मनगट आणि तिन्ही मधली बोटं चेपली होती, पिंप त्यांच्यावर आलं होतं. हाडं जुळली, पण वेडीवाकडी. आधीच संधिवाताची बोटं ती. मनगट वळलेलं राहिलं, बोटं तळव्यात मिटली ती मिटली. गरम पाण्याची कुंडं पुन्हा कधी झाली नाहीत, ती गाडीत बसायलाच तयार होईना. मोगरा दोन वर्षं फुलत राहिला, मग बाबांनी उपटून टाकला.

आणि बाबा? बाबा एक शब्द बोलले नाहीत. गाव म्हणायला लागलं, पोरीने ब्रेक मारला म्हणून उलटली. बायामाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. बाबांनी ते ऐकलं, समोर बसून ऐकलं, आणि कुणालाही सांगितलं नाही की, "पिंप मी मागे नेलं, ओरडलो मी." मी वाट बघितली. महिना, सहा महिने. एकदा तरी म्हणतील, चुकलं बाय माझं. नाही म्हणाले. मग मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. कामापुरतं हूं की चूं. लग्नातसुद्धा पाया पडले तेव्हा वर बघितलं नाही.

लग्न होऊन मी विरारला मनवेलपाड्यात फ्लॅटमध्ये आले. नळाला दिवसाआड पाणी, खाली टँकर. दर रविवारी आईकडे जायचे आणि दर रविवारी काही ना काही निमित्त निघायचं. भाताला जरा पाणी जास्त झालं, केळी पिकायला उशीर झाला, की माझी गाडी घसरत घसरत तिथेच यायची. "कुणाचं ऐकतात का हे? आईचा हात घालवला तरी अक्कल आली नाही." बाबा उठून वाडीत जायचे. आई उजवा हात पदराखाली घ्यायची. मला वाटायचं, तिला हाताची लाज वाटते. त्याने मी आणखी पेटायचे.

अशी नऊ वर्षं गेली.

त्या रविवारी निमित्त पाण्याचंच होतं. बाबा सत्तरीच्या पुढे, तरी विहिरीवरून बादली आणत होते आणि मी म्हणाले, "द्या इकडे, नाहीतर ही पण चुकीच्या जागी ठेवाल." बाबांनी बादली खाली ठेवली. ओट्याच्या टोकाला जाऊन बसले. बसताना त्यांनी खांबाचा आधार घेतला, ते मी बघितलं आणि तरीही मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

आई म्हणाली, "पुरे गं आता. पिंप मी न्यायला लावलं होतं मागे."

मला आधी कळलंच नाही.

"तुमचं भांडण झालं ना रात्री, तर हे म्हणाले, राहू दे तिच्या मनासारखं, एवढी शिकलीय, तिला ठाऊक असेल. पुढेच राहू दे म्हणाले. मीच मागे लागले. जीप किती दबली होती गं. एवढं ओझं ओढत एवढ्या लांब जायचं, स्टेअरिंग किती जड होईल. तुझे हात दुखले असते." तिने आपल्या मिटलेल्या बोटांकडे बघितलं. "हात दुखले की काय होतं ते मला ठाऊक होतं ना. म्हणून यांना म्हटलं, घ्या मागे, आणि तिला सांगू नका."

ओट्याच्या टोकाला बाबा पाठ करून बसले होते. वळले नाहीत. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. शर्ट खांद्यावर विरला होता. नऊ वर्षं मी या पाठीशी बोलत होते.

राहू दे तिच्या मनासारखं, म्हणाले होते. माझं ऐकलं होतं त्यांनी. त्या एका रात्री तरी ऐकलं होतं. आणि नंतर गाव बोललं, मी बोलले, सगळं गिळलं, पण बायकोचं नाव काढलं नाही.

मी काय करायला हवं होतं? जाऊन त्यांच्याशेजारी बसायचं. आईचा हात हातात घ्यायचा. पण माझ्या अंगात तेवढं एकच येतं, तेच आलं.

"नऊ वर्षं?" मी ओरडले. "नऊ वर्षं गप्प बसलात दोघं? मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तू किती रागावली असतीस," आई म्हणाली.

आणि तिने हात पदराखाली घेतला.